'कायम' झाल्यानंतर

[धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शिक्षक व प्राध्यापक यांच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.]



या मेळाव्यात बोलण्याची आज्ञा महोत्सव समितीने मला केली तेव्हा चिटणीसांनी विषयही सुचविला होता: 'ख्रिस्ती शिक्षकाचे ध्येय'. विषय उत्तम आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत त्यावर मी इतक्या वेळा बोललो आहे आणि आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की आज तोच पुन्हा उघडला तर आपणांपैकी अर्धे लोक चहाची वाट पाहत बसतील, आणि उरलेल्या अर्ध्यांत मी असेन. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून मी रोजच्या बोलण्यातला एक लहानसा शब्द घेतो. तो शब्द म्हणजे 'कायम'.

हा शब्द आपल्या घरांत कसा उच्चारला जातो हे मी पाहिले आहे. मुलगा नोकरीला लागला म्हणजे आई ग्रोटोपुढे मेणबत्ती लावते. तो 'कायम' झाला म्हणजे ती उपकारस्तुतीची मिस्सा मागते. सोयरीक जुळविताना मुलाचा स्वभाव कसा आहे हे दुसऱ्या भेटीत विचारतात. नोकरी कायम आहे की कसे, हे पहिल्याच भेटीत. आमच्या मिस्साच्या नोंदवहीत हेतूंचा जो रकाना असतो तो एखाद्याने सावकाश वाचला तर या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास त्याला त्यात सापडेल. आरंभीच्या पानांवर पाऊस, पीक, आजार, बाळंतपण, पुढे परीक्षा, आणि अलीकडे, पुन्हा पुन्हा, 'नोकरीत कायम झाल्याबद्दल'.

यात गैर काही आहे असे मी म्हणत नाही. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या वाडीत मजुरी केली, त्यांना स्थैर्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. शाळेच्या व्यवस्थापनाची मर्जी फिरली म्हणजे मास्तरांना घरी बसावे लागे, ही गोष्ट आपल्यातील वृद्ध शिक्षकांना ठाऊक आहे. खासगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला, आणि दोन वर्षांचा परीक्षाधीन काळ समाधानकारकपणे संपला म्हणजे शिक्षक कायम मानला जावा असे त्यात ठरले. पुढे २००० साली शिक्षणसेवकाची पद्धत आली आणि हा काळ तीन वर्षांचा झाला, तोही तुटपुंज्या मानधनावर. महाविद्यालयांतील स्थिती याहून बिकट. तेथे 'तासिका तत्त्व' नावाचा एक प्रकार आहे; जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. सुटी लागली की पैसे थांबले. पीएच. डी. होऊनही दहा-दहा वर्षे याच तत्त्वावर राबणारी माणसे आज या सभागृहात बसली आहेत. त्यांच्यापुढे स्थैर्याची निंदा करणे हे माझ्यासारख्या, धर्मप्रांताने जेवूखाऊ घातलेल्या माणसाला शोभणारे नाही.

माझा प्रश्न निराळा आहे. कायम झाल्यानंतर काय?

हा प्रश्न मला स्वतःला सुचलेला नाही. माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक मुलगा वेदीसेवक होता. पुढे तो शिकला, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर नऊ वर्षे शिकविले, आणि अखेरीस कायम झाला. पेढ्यांचा पुडा घेऊन तो मजकडे आला. त्याची संमती घेऊनच ही हकीकत मी सांगतो. पुडा मेजावर ठेवून तो बराच वेळ बोलेचना. मी म्हटले, "काय रे, मिस्सा मागायला आला आहेस ना?" तो म्हणाला, "फादर, मिस्सा मागायला आलो आहे, पण कोणत्या हेतूने ते कळत नाही." मग हळूहळू सर्व बाहेर आले. नऊ वर्षे तो पहाटे चारला उठून वाची, कारण उद्या काढतील या भीतीने त्याचा तास सर्वांहून चांगला व्हावा लागे. नेमणुकीचे पत्र हाती आले आणि त्या आठवड्यापासून पुस्तक उघडवेना. एवढ्यावर भागले असते तर मी त्याला चार दिवस विश्रांती घे असे सांगून वाटेस लावले असते. परंतु त्याच सुमारास त्याच्या विभागातील एक बाई, त्याच्याप्रमाणेच तासिका तत्त्वावर कित्येक वर्षे काढलेली, सत्राच्या मध्येच कमी करण्यात आली व तिचे तास कोणाच्या तरी आप्ताकडे गेले. विभागाच्या बैठकीत हे सांगितले गेले, सर्वांनी माना हलविल्या, आणि यानेही हलविली. तो मला म्हणाला, "फादर, नऊ वर्षे मी भीतीने गप्प होतो, ते मला समजत होते. आता मला कोणी काढू शकत नाही. मग मी गप्प का बसलो?"

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. मला येत नव्हते. मी त्याला एका दुसऱ्या प्राध्यापकाची गोष्ट सांगितली, आणि आज तीच, थोडी सविस्तर, आपणांस सांगतो.

संत जॉन हेन्री न्यूमन यांचे नाव आपण मागील काही वर्षांत अनेकदा ऐकले असेल. १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपदी चढविले. त्याच विधीत आपल्या केरळच्या मरियम त्रेसियाही संत झाल्या, त्यामुळे आपल्याकडील वृत्तपत्रांनी त्रेसियांचे छायाचित्र मोठे छापले आणि न्यूमन यांचे लहान, हे मला आठवते. पुढे १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे 'डॉक्टर', म्हणजे सर्व ख्रिस्तसभेने मान्य करावे असे आचार्य, म्हणून घोषित केले, व संत थॉमस अक्विनस यांच्यासमवेत शिक्षणकार्याचे सहआश्रयदाते नेमले. तेव्हा शिक्षकांच्या सभेत त्यांचे नाव घेणे प्रसंगाला धरून आहे. परंतु मला आज संताच्या प्रभावळीविषयी बोलावयाचे नाही. त्यांच्या नोकरीविषयी बोलावयाचे आहे.

न्यूमन यांचा जन्म १८०१ चा, लंडनचा. वडील पेढीवाले. १८१६ साली पेढी बुडाली. पुढे वडिलांनी दुसरा धंदा धरला, तोही बसला आणि १८२१ साली दिवाळे निघाले. थोरला मुलगा म्हणून सर्व घराची दृष्टी जॉनवर. तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत होता, शिष्यवृत्ती मिळवून होता, आणि १८२० च्या अंतिम परीक्षेत अतिश्रमाने त्याचा धीर इतका खचला की वरच्या श्रेणीची सर्वांची अपेक्षा असता नाव अगदी खालच्या यादीत लागले. आपल्या घरांत निकालाच्या दिवशी जी शांतता पसरते तीच तेथे पसरली असेल, एवढे समजून चालू.

अशा विद्यार्थ्याने दोन वर्षांनी ओरिएल कॉलेजच्या फेलोपदाची परीक्षा द्यावी हे धाडसच होते. ओरिएल त्या काळी ऑक्सफर्डमधील विद्वत्तेचे शिखर समजले जाई. ही परीक्षा पुस्तकी पाठांतराची नसे. माणूस विचार कसा करतो हे ती पाही. १२ एप्रिल १८२२ रोजी न्यूमन आपल्या बिऱ्हाडी व्हायोलिन वाजवीत बसले असता ओरिएलच्या प्रमुखांचा बटलर दारात उभा राहिला आणि त्याने, अशा प्रसंगी बोलावयाची ठरलेली त्याची थट्टा होती ती बोलून, एक अप्रिय बातमी आणल्याचे सांगितले: आपण ओरिएलचे फेलो निवडले गेला आहात. न्यूमन यांनी 'ठीक आहे' असे म्हणून वाजविणे चालूच ठेवले. त्या बिचाऱ्याला वाटले, आपण चुकीच्या माणसाकडे आलो की काय, आणि त्याने तसे विचारलेही. त्याची पाठ वळताच न्यूमन यांनी व्हायोलिन टाकले आणि जिन्यावरून धूम ठोकली. हा दिवस ते आयुष्यभर सर्वांत स्मरणीय मानीत आले.

आता फेलो होणे म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. हे पद आजन्म होते. राहण्यास खोल्या, एकत्र भोजन, वार्षिक उत्पन्नाचा वाटा, ग्रंथालय, आणि विचारी माणसांचा सहवास. लग्न केले म्हणजे पद जाई. मोठ्या उत्पन्नाचे चर्च पत्करले म्हणजे जाई. एरवी मरेपर्यंत कोणी हात लावू शकत नसे. आज जगातील विद्यापीठांत ज्या स्थैर्यासाठी माणसे जिवाचे रान करतात, त्याचाच हा एक जुना नमुना होता. न्यूमन त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. वडील १८२४ साली वारले, तेव्हा घराचा भार याच पदाच्या आधारावर उभा राहिला. धाकट्या भावाच्या ऑक्सफर्डमधील शिक्षणाचा खर्चही थोरल्यानेच उचलला. कायम नोकरीचे पहिले पुण्य हे असे असते, आणि या सभागृहातील कित्येक थोरल्या भावांनी व बहिणींनी ते जोडले आहे.

दुसरी गोष्ट चार वर्षांनी सुरू झाली. १८२६ साली न्यूमन कॉलेजचे ट्यूटर झाले, म्हणजे विद्यार्थी त्यांच्या हाती सोपविण्यात आले. त्यांची समजूत अशी की ट्यूटर हा मेंढपाळ आहे. विद्यार्थ्याला ग्रीक शिकवावयाचे, पण त्याचा आत्मा कोणत्या वाटेने चालला आहे हेही पाहावयाचे. त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, फ्राऊड व रॉबर्ट विल्बरफोर्स यांनी, आपापल्या विद्यार्थ्यांकडे जातीने लक्ष देता येईल अशी अध्यापनाची नवी मांडणी केली. कॉलेजचे प्रमुख हॉकिन्स यांना हे पसंत पडले नाही. त्यांचे म्हणणे, ट्यूटर हा कॉलेजचा कामगार आहे, त्याने नेमून दिलेले वर्ग घ्यावेत. गंमत अशी की हॉकिन्स हे १८२८ साली प्रमुख झाले ते न्यूमन यांच्या मतासह. समोर सौम्य व साधुवृत्तीचे कीबल होते, तरी न्यूमन यांनी कारभाराला हॉकिन्सच बरे असे ठरविले होते. (समित्यांच्या निवडणुकांत भाग घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

हॉकिन्स यांना त्यांना फेलोपदावरून काढता येत नव्हते. मग त्यांनी काय करावे? त्यांनी नवे विद्यार्थी पाठविणे थांबविले. होते ते विद्यार्थी शिकून बाहेर पडले, आणि १८३२ च्या सुमारास न्यूमन हे विद्यार्थी नसलेले शिक्षक झाले. खोल्या होत्या, उत्पन्न होते, मान होता. समोरचा बाक मात्र रिकामा.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते. माझ्या त्या तरुण प्राध्यापकालाही मी येथेच थांबविले होते. न्यूमन यांना वाद सोडून देता आला असता. हॉकिन्सच्या पद्धतीने शिकवितो म्हटले असते तर विद्यार्थी परत आले असते. त्यांनी तसे केले नाही; आणि त्यांना तसे न करणे परवडले, याचे कारण पद आजन्म होते. घरी आई व बहिणी होत्या. पद जाण्याजोगे असते तर त्यांनी काय केले असते हे मी सांगू शकत नाही, आणि त्यांना दोषही दिला नसता. कायमपणाचा हा दुसरा उपयोग. पोट सुरक्षित असलेल्या माणसाने निदान एवढे तरी करावे, की जे इतरांना पोटामुळे बोलता येत नाही ते त्याने बोलावे. विद्यापीठांनी पदे आजन्म ठेवली त्यामागे विद्वानांचे लाड करण्याचा हेतू नव्हता, किंवा असला तरी लाडांबरोबर हे देणेही आले.

पुढची हकीकत आपणांपैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून ती भरभर सांगतो. शिकविणे सुटले, हाती वेळ आला. न्यूमन भूमध्य समुद्राच्या प्रवासाला गेले, सिसिलीत तापाने मरता मरता वाचले, १८३३ च्या जुलैत परतले, आणि ऑक्सफर्डची चळवळ सुरू झाली. सेंट मेरीज चर्चमधील त्यांची प्रवचने ऐकण्यास तरुणांची दाटी होई. आद्य ख्रिस्तसभेच्या आचार्यांचे ग्रंथ वाचता वाचता त्यांचे मन आपल्या अँग्लिकन पंथाविषयी साशंक होऊ लागले. १८४१ मधील त्यांच्या नव्वदाव्या पुस्तिकेवर विद्यापीठाच्या प्रमुखांनी निषेध केला, बिशपांनीही एकामागून एक टीका केली. १८४२ साली ते ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर गावी, तबेल्याच्या इमारती दुरुस्त करून केलेल्या खोल्यांत, जाऊन राहिले. १८४३ च्या सप्टेंबरात सेंट मेरीज सोडले.

परंतु फेलोपद त्यांनी आणखी दोन वर्षे ठेवले. हे मला फार मानवी वाटते. त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. तेव्हा पंथ सोडणे म्हणजे पद सोडणे हे उघड होते. ज्याने आयुष्यभर शांतपणे अभ्यास करावयाचा ठरविला आहे त्याला हे किती जड गेले असेल! अखेर ३ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांनी ओरिएलला राजीनाम्याचे पत्र लिहिले. ८ ऑक्टोबरच्या रात्री इटालियन धर्मगुरू धन्य डोमिनिक बार्बेरी मुसळधार पावसात घोडागाडीच्या टपावर बसून लिटलमोरला पोचले, ते चिंब कपडे विस्तवापाशी वाळवीत उभे असता न्यूमन त्यांच्या पायांशी बसले व आपला स्वीकार करावा असे विनवू लागले. दुसऱ्या दिवशी ते कॅथोलिक झाले. वय चव्वेचाळीस. तेवीस वर्षांचे कायम पद गेले, मित्र दुरावले, बहिणींपैकी एकीने तर त्यापूर्वीच बोलणे टाकले होते.

आणि पंचेचाळिसाव्या वर्षी युरोपभर नाव झालेला हा पंडित रोममध्ये धर्मविद्येच्या बाकावर तरुण सेमिनारियनांच्या रांगेत जाऊन बसला. ज्या बाकावर मी अठराव्या वर्षी बसलो आणि तेव्हाही मला त्याचा कंटाळा येई, त्या बाकाची आठवण मला हे वाचताना झाली.

न्यूमन यांनी स्वतः लिहून ठेवलेली एक गोष्ट या सर्वांहून माझ्या मनात अधिक राहिली आहे. ट्रिनिटीत पहिल्या वर्षी ते ज्या खोलीत राहत, तिच्या समोरच्या भिंतीवर स्नॅपड्रॅगन नावाचे फुलझाड वाढलेले असे. बोटांनी दाबले असता तोंड उघडणारे ते फूल आपल्याकडेही हिवाळ्यात बागांतून लावतात. दगडाच्या फटीत मुळे रोवून ते तेथेच फुले, तेथेच वाळे, पुन्हा तेथेच फुले. तरुण न्यूमन त्याकडे पाहून मनाशी म्हणत की हे माझे चिन्ह. मीही या विद्यापीठात असाच मरेपर्यंत राहणार. १८४६ च्या फेब्रुवारीत त्यांनी ऑक्सफर्ड सोडले. त्यानंतर पुष्कळ वर्षे आगगाडीतून जाताना दूरवर दिसणारे मनोरे, एवढेच त्यांना ऑक्सफर्ड राहिले. ट्रिनिटीने १८७७ साली त्यांना सन्मान्य फेलो केले आणि १८७८ च्या फेब्रुवारीत ते तेथे पुन्हा पाऊल ठेवते झाले. मध्ये बत्तीस वर्षे गेली होती.

त्या बत्तीस वर्षांत ते शिक्षक राहिले नाहीत काय? डब्लिनमध्ये १८५४ साली सुरू झालेल्या कॅथोलिक विद्यापीठाचे ते पहिले प्रमुख झाले. विद्यापीठाच्या स्वरूपाविषयीची त्यांची व्याख्याने आजही जगभर वाचली जातात. विद्यापीठ मात्र त्यांच्या हाताखाली म्हणावे तसे जमले नाही आणि १८५८ साली त्यांनी तेही सोडले. त्यातल्या त्यात वैद्यकाची शाखा चांगली चालली. मग १८५९ साली बर्मिंगहॅमला त्यांनी मुलांची शाळा काढली, आणि ज्या माणसाची प्रवचने ऐकण्यास ऑक्सफर्ड लोटत असे तो शाळेतल्या पोरांकडून लॅटिन नाटके बसवून घेऊ लागला. १८६५ साली दोन जुन्या ऑक्सफर्डच्या मित्रांनी त्यांना एक व्हायोलिन भेट दिले. १८७९ साली पोप लिओ तेरावे यांनी कार्डिनल केले. त्या पदाहून मला व्हायोलिनची भेट अधिक आवडते; अर्थात हे मत माझे खासगी समजावे.

आता थोडे माझ्याविषयी, कारण दुसऱ्याच्या जिवावर उपदेश करणे सोपे असते.

धर्मग्रामात येण्यापूर्वी मी अकरा वर्षे सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवीत असे. तिसऱ्या वर्षी मला स्थायी अध्यापकवर्गात घेतले. त्याआधी मी दर तासासाठी नवी टिपणे काढी. स्थायी झालो त्या उन्हाळ्यात मी ती सर्व एका जाड वहीत सुवाच्य अक्षरात उतरविली, तिला पुठ्ठ्याची बांधणी केली, आणि ती वही पुढे आठ वर्षे मला पुरली. माझी ती वहीच 'कायम' झाली म्हणा ना. आठव्या की नवव्या वर्षी वर्गात ट्रेंटच्या धर्मपरिषदेविषयी सांगत असता पहिल्या बाकावरील एक विद्यार्थी हसला. मी चमकलो, कारण विनोद अजून सांगावयाचा होता. त्याच्यापुढे वरच्या वर्गातील कोणाची तरी जुनी वही होती, तीत माझे व्याख्यान विनोदासकट उतरलेले होते, आणि तो माझ्या पुढे अर्धे पान होता. मी त्याला रागे भरलो. रागे भरण्याचा अधिकार कोणाचा होता हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होते.

दोन वर्षांनी महागुरुस्वामींनी मला बोलावून एका समुद्रकाठच्या धर्मग्रामात पाठविले. मला वाईट वाटले. चार-दोन रात्री झोप आली नाही. आम्हा धर्मगुरूंना 'कायम' असे काही नसते, पाच-सहा वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर, हे तोंडाने म्हणणे निराळे आणि पुस्तकांची खोकी बांधणे निराळे. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आली. तिचा मुलगा बोटीवर गेला तो परत आला नाही. प्रेतही लागले नाही. तिने विचारले, "फादर, पित्रांच्या दिवशी सगळी आपापल्या माणसाच्या खड्ड्यावर मेणबत्ती लावतात. मी कुठे लावू?" माझ्या पुठ्ठ्याच्या वहीत याचे उत्तर नव्हते. पुष्कळ वर्षांनी मी त्या रात्री पुन्हा अभ्यासाला बसलो.

आणि जे अजून कायम झालेले नाहीत त्यांना? त्यांना मी 'धीर धरा' एवढेच सांगितले तर ते मनातून हसतील, आणि तो हक्क त्यांचा आहे. त्यांच्यासाठी एक नाव घेतो. ग्रेगोर मेंडेल, ब्र्युन्न शहरातील अगुस्टिनियन मठवासी. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेला ते १८५० साली बसले आणि नापास झाले. १८५६ साली पुन्हा बसले, तीही परीक्षा पार पडली नाही. १८५४ पासून १८६८ पर्यंत, चौदा वर्षे, त्यांनी बदली शिक्षक म्हणून शाळेत पदार्थविज्ञान व निसर्गशास्त्र शिकविले. पात्रतेचा कागद त्यांना कधीच मिळाला नाही. त्याच चौदा वर्षांत, मठाच्या बागेत, १८५६ ते १८६३ पर्यंत त्यांनी वाटाण्याच्या हजारो रोपांवर ते प्रयोग केले ज्यांवर आज आनुवंशिकतेचे सारे शास्त्र उभे आहे. १८६५ साली त्यांनी ते गावच्या निसर्गसंशोधन मंडळापुढे दोन सभांत वाचून दाखविले, १८६६ साली छापले, आणि कोणी विशेष लक्ष दिले नाही. १८८४ साली ते वारले. जगाला त्यांची ओळख १९०० साली पटली. परंतु मेंडेल यांना मठ होता, दोन वेळचे जेवण होते. ज्यांना घरभाडे भरावयाचे आहे व मुलांचे शुल्क द्यावयाचे आहे, त्यांना मेंडेलचे नाव सांगून तासिका तत्त्व गोड करून घ्या असे मी म्हणणार नाही. तो अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. ते म्हणण्याची पाळी प्रथम कोणाची, तर जे कायम आहेत त्यांची.

त्या तरुण प्राध्यापकाचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. पुढील बैठकीत त्याने त्या बाईंचा विषय काढला होता. बैठकीत कोणी काही बोलले नाही. बाहेर व्हरांड्यात मात्र दोघे जण त्याच्याशी हळूच बोलले, त्यांपैकी एक निवृत्तीस आलेले होते. मग तिघांनी मिळून अर्ज लिहिला. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. त्याला पुढच्या वर्षी गैरसोयीचे तास लावले आहेत, सकाळी सातचा आणि दुपारी चारचा. मी त्याला विचारले, वाचन कसे चालले आहे? तो म्हणाला, दोन तासांच्या मध्ये ग्रंथालयात बसण्यावाचून दुसरे काही करताच येत नाही, तेव्हा चालले आहे. मिस्सा त्याने मागितली. हेतूच्या रकान्यात त्याने त्या बाईंचे नाव लिहिले.

माझे बोलणे लांबले, आणि चहाही तयार झाल्याची खूण स्वयंसेवक मला मघापासून करीत आहेत. एकच सांगावयाचे राहिले. दहावीच्या मुलांसाठी आपल्या सभागृहात सोमवार ते गुरुवार संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासवर्ग चालतो. गणिताला शिक्षिका आहेत, इंग्रजीला आहेत. विज्ञानाला व इतिहासाला कोणी नाही. ही जागा कायम नाही आणि तिला वेतनही नाही. इतिहासाचा वर्ग तूर्त मीच घेतो, आणि मुले मला अजून विनोदाआधी हसलेली नाहीत, तरी योग्य माणूस मिळाल्यास मी आनंदाने बाजूला होईन. दाराजवळच्या मेजावर वही ठेवली आहे. ज्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ देता येईल त्यांनी जाताना नाव लिहावे.